चंदनाने बुजलेली नळी

आमच्या घरी नवं वाहन आलं की त्याची पूजा होते आणि ती अप्पाच करतात. सायकल, मोपेड, भावाची गाडी, शेजाऱ्यांचा ट्रॅक्टर, काही म्हणजे काही सुटलेलं नाही. त्यामुळे मी हेलिकॉप्टर घेतलं तेव्हा अप्पांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, विचारलेला पहिला प्रश्न हा होता: "त्यास चाकं नाहींत, तर लिंबू कशाखालीं ठेवायचं?"

मराठ्यांच्या राज्यात तंजावरकडे आलेल्या घराण्यांपैकी आमचं एक. कुंभकोणमच्या रस्त्यावर आम्ही तमिळ बोलतो, पण उंबऱ्याच्या आत त्या वेळचीच मराठी चालते. पुण्याकडचे पाहुणे ती ऐकून हसतात. आम्हीही त्यांची ऐकून हसतो, फक्त ते गेल्यावर.

अप्पांचा प्रश्न रास्तच होता. माझं दोन माणसांचं यंत्र दोन धातूच्या दांड्यांवर उभं राहतं. बरीच वर्षं मी दुसऱ्यांच्या हेलिकॉप्टरांवर मुलामुलींना उडायला शिकवलं. एक प्रशिक्षण संस्था बंद होणार आणि तिचं जुनं यंत्र विकायला निघालंय हे कळलं, तेव्हा मी घरी जेवत होते. ताटावरून उठून फोन केला. आई म्हणाली, निदान रसम तरी संपव. हौसेला मोल नाही म्हणतात, ते रसम निवलं तेव्हा मला पटलं.

यंत्र ठेवायला जागा मिळाली ती तिरुविडैमरुदूरजवळच्या बंद पडलेल्या भातगिरणीत. धान वाळवायचं तिचं सिमेंटचं अंगण उतरायला अगदी ऐसपैस. परवानग्या मिळवता मिळवता नाकी नऊ आले, पण मिळाल्या. नातेवाइकांना वाटलं आता ही मंत्र्यासारखी फिरणार. त्यांना काय सांगणार! हेलिकॉप्टर बाळगणं म्हणजे खाष्ट सासू सांभाळणं. तिला धूळ चालत नाही, ओल चालत नाही, डोक्यावर कावळा बसलेला चालत नाही. आणि ती उडो न उडो, तिची तपासणी ठरल्या वेळी व्हायलाच हवी. तरी सकाळी शेडचं दार सरकवलं आणि ती आत उभी दिसली, की मी मनातल्या मनात हात जोडते. हे आपलं आहे, यावर माझा अजून विश्वास बसत नाही.

पूजेच्या दिवशी अप्पा उपरणं घेऊन, चंदनाची वाटी हातात धरून गिरणीत आले. काचबिंदूने त्यांची नजर कडेकडेने खात आणली होती. समोरचं माणूस त्यांना आवाजावरून कळायचं. पण कुंभकोणमच्या मेलकावेरी भागातल्या आमच्या घरातली विठोबाची पूजा ते रोज स्वतः करत, बोटांनी चाचपत. मूर्तीचं कपाळ कुठे आणि कान कुठे, हे त्यांच्या बोटांना पाठ होतं. तसंच त्यांनी माझं हेलिकॉप्टर शेपटीपासून चाचपत आणलं. जिथे हात थांबेल तिथे गंध, त्यावर आईचं कुंकू. पुढे येता येता नाकाडावर त्यांना एक बारीक नळी लागली. मूर्तीचं नाक सापडावं तसं त्यांच्या चेहऱ्यावर समाधान पसरलं, आणि त्यांनी गंधाचा चांगला गोळाच तिच्या टोकाला लावला.

उड्डाणाआधीची तपासणी मी पूजेपूर्वीच उरकली होती. पूजा झाल्यावर माझं सगळं लक्ष अंगणात विखुरलेल्या नारळाच्या करवंट्या, कोहळ्याच्या फोडी आणि लिंबं वेचण्याकडे होतं, कारण पात्यांच्या वाऱ्याने उडालेलं लिंबू गोळीसारखं लागतं. मग दारासुरमच्या विणकरांच्या घरातली, या यंत्रावरची माझी पहिली विद्यार्थिनी शेजारी बसली आणि आम्ही हवेत उठलो. भातशेतांवर आलो तरी वेगाचा काटा शून्यावरच. ती नळी समोरचा वारा आत घेते, त्यावरून वेग कळतो. वारा आत जाणार कुठून? दिवस स्वच्छ होता, इंजिनाचा आवाज नेहमीचा होता, म्हणून मी वळून सरळ अंगणात परत उतरले. यंत्राची तपासणी करणाऱ्या मेकॅनिकने टॉर्च लावून पाहिलं आणि तो हसायलाच लागला. आत चंदन वाळून घट्ट बसलं होतं.

मीही हसले. अप्पा मात्र हसले नाहीत.

"लेकीचा जीव घेतला असता ह्या बोटानं," एवढंच म्हणाले.

दुसऱ्या दिवशी ते पूजेला बसले नाहीत. आईला म्हणाले, "तूंच कर. माझ्या हातास आतां कांहीं कळत नाहीं." ती गोष्ट एका दिवसावर थांबली नाही. यंत्राची नळी साफ होऊन ते पुन्हा उडायला लागलं, तरी अप्पा ओट्यावर हात काखेत दाबून बसलेले. जेवताना वाटीसुद्धा आईने हातात द्यायची. डोळे गेले तेव्हा त्यांनी बोटांवर भिस्त ठेवली होती, आता ती बोटंही त्यांनी आपणहून टाकून दिली. मला ते बघवेना. मी उडायला शिकणार म्हटलं होतं तेव्हा सगळं गोत विचारत होतं, हिच्याशी लग्न कोण करणार. अप्पा म्हणाले होते, "आधीं उडूं दे, मग पाहूं." माझं आजवरचं सगळं उडणं त्या एका वाक्यावर उभं आहे.

मला वाईट वाटतं तेव्हा मी समजूत घालत बसत नाही, हुकूम सोडते. "अप्पा, उद्या पँट-शर्ट घालायचा. उपरणं नाही. तुमचा शिकवणीचा पहिला तास आहे."

आईने भावाची जुनी पँट पट्ट्याने आवळून दिली. उकाडा होता म्हणून यंत्राची दारं काढून ठेवली होती. वर गेलो तेव्हा त्यांचे हात मांडीवर घट्ट गुंफलेले. माझ्या यंत्रात दोघांसमोर यंत्र वळवायचा एकेक दांडा असतो. तो धरताना नवी मुलं बसचा दांडा धरावा तसा आवळतात आणि यंत्र डुलायला लागतं. त्यांना मी नेहमी सांगते, देवाला गंध लावता तेवढ्याच हाताने धरा. हे मी अप्पांकडे बघून शिकले होते, पण त्यांना कधी सांगितलं नव्हतं. त्या दिवशी सांगितलं.

"नक्को," ते म्हणाले.

"दाबायचं नाही. विठोबाच्या कपाळी टेकवता ना, तेवढंच बोट टेकवा."

बऱ्याच वेळाने बोटं टेकली. आधी मी त्यांच्या हाताबरोबर माझाही हात ठेवला, मग हळूच काढून मांडीवर घेतला, लागलाच तर तयार असा. यंत्र सरळ चाललं होतं. खालून एकाएकी गार हवा आली आणि यंत्र जरासं खाली बसलं. त्यांनी ते तेवढ्याच अलगद सावरलं.

"कावेरी?" त्यांचा आवाज हेडफोनमध्ये आला.

"होय, अप्पा. नदीवरच आलोय."

माझे डोळे भरून आले. शिकवणाऱ्या बाईला हे शोभत नाही, पण आले. मी म्हटलं, "अप्पा, मघापासून मी हात लावलेला नाही. तुम्हीच चालवताय."

त्यांनी दांड्यावरचं बोट उचललं नाही. मग म्हणाले, "उगे राहा. मज काम आहे."

दुसऱ्या दिवशी सकाळी देवघरातून सहाणेवर चंदन उगाळल्याचा आवाज आला. आई चुलीपाशी होती. तिने माझ्याकडे पाहिलं आणि कॉफी पुढे केली. पूजा आटोपून अप्पा वाटी घेऊन माझ्याबरोबर गिरणीत आले. आधी त्यांनी नळी शोधून, जमिनीवर असताना तिच्यावर घालायचं टोपण नीट बसलंय का ते चाचपलं. मग यंत्राच्या दाराच्या चौकटीवर एक बोट गंध लावलं. वाटीत उरलेलं घेऊन ते माझ्याकडे वळले, चाचपत माझं कपाळ शोधलं आणि बोट तिथेच थांबवून विचारलं, "येथें कांहीं बुजत नाहीं ना?"

"नाही अप्पा," मी म्हटलं, आणि कपाळ पुढे केलं.