दाजींच्या गच्चीवरचं सोलर

माझ्या ताईचे यजमान, म्हणजे आमचे दाजी, जन्मभर लिफ्टमन होते. ऑफिसातली पोरं त्यांना ‘वर-खाली’ म्हणायची आणि दाजी त्या नावाला ओ द्यायचे. लाइट गेली की लिफ्ट दोन मजल्यांच्या मध्ये अडकायची, आतली माणसं घामाघूम व्हायची आणि दाजी त्यांना बायकोच्या तक्रारी सांगून हसवत बसायचे. तक्रारी सगळ्या बनवलेल्या. ताईवर त्यांचा किती जीव होता, ते मी जवळून पाहिलंय.

ताईची फुप्फुसं थकत गेली आणि घरात ऑक्सिजनचं मशीन आलं. कॉटशेजारी दिवसरात्र घुरघुरायचं. लाइट गेलीच तर हाताशी असावा म्हणून भाड्याचा एक सिलिंडर दाराआड उभा असे. मशीनचं लाइटबिल आणि सिलिंडरचं भाडं यातच निम्मी पेन्शन उडून जायची.

अशात दाजींचा पुतण्या उगवला. हा आधी विमा विकायचा, मग प्लॉट, आता सोलर. जिभेवर साखर आणि लक्ष दुसऱ्याच्या खिशाकडे. ‘‘काका, एकदाच पैसे टाका. सूर्य काय संपावर जातो?’’ बॅटरी घेतली तर खर्च जवळजवळ दुप्पट होत होता, म्हणून बॅटरीचं ‘पुढे बघू’ झालं. ती नसली तर काय होतं, हे त्याने सांगितलं नाही. दाजींनी आपला हिशोब केला: रात्री सोलर चालणार नाही हे उघड आहे, पण आपल्याकडे लाइट जाते ती दुरुस्तीसाठी, भर दुपारी, आणि दुपारी ऊन असतंच. ठेव मोडून त्यांनी गच्चीवर पॅनल बसवले.

पहिलं बिल एवढंसं आलं. दाजी ते सगळ्या शेजाऱ्यांना दाखवून आले आणि त्याच आठवड्यात सिलिंडर परत करून टाकला. आता भाडं कशाला भरायचं, म्हणाले. ताईसुद्धा खूश होती.

मग उन्हाळ्यातल्या एका दुपारी लाइट गेली. मशीनने शिट्टी मारली आणि ते बंद पडलं. मी ताईपाशी बसले होते. दाजींना वाटलं, सोलरची वायर निघाली असेल. ते गच्चीवर धावले, खाली आले, भिंतीवरच्या डब्याची बटणं दाबत राहिले, परत वर गेले. बाहेर ऊन मी म्हणत होतं. शेवटी त्यांनी पुतण्याला फोन लावला.

‘‘काका, लाइन गेली की ते आपोआप बंद होतं,’’ तो म्हणाला. ‘‘आपली वीज उलटी तारेत जाऊन तिथे काम करणाऱ्याला शॉक बसू नये म्हणून. बॅटरी नसली की असंच असतं.’’

‘‘मग आधी का नाही सांगितलंस?’’

‘‘तुम्ही विचारलं नाहीत.’’

दाजी सिलिंडर आणायला पळाले. मी ताईला उशांना टेकवून बसवून ठेवलं. तिचे ओठ निळे पडत गेले, आणि मी तिला वारा घालण्यापलीकडे काही करू शकले नाही. सिलिंडर घेऊन दाजींची रिक्षा दाराशी आली तेव्हा ताई गेली होती. थोड्या वेळाने लाइट आली आणि मशीन आपलं आपण सुरू झालं. ते मीच उठून बंद केलं.

त्या पुतण्याचं तोंड पुन्हा बघायचं नाही असं मी ठरवलं होतं. पण काही महिन्यांनी मी दाजींकडे असताना तोच एका नवरा-बायकोला घेऊन दारात उभा. गिऱ्हाईक होतं. काकांचं बिल किती कमी येतं, ते त्याला दाखवायचं होतं. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. दाजींनी मात्र पाहुण्यांना बसवलं, पाणी दिलं आणि जाऊन बाहेरून येणाऱ्या लाइनचा मेन स्विच खाली ओढला. पंखा गरगरत थांबला.

‘‘बाहेर ऊन आहे ना? सोलर वर आहे. तरी पंखा बंद,’’ दाजी म्हणाले. ‘‘माझी बायको अशाच दुपारी गेली. बॅटरीशिवाय घेऊ नका.’’

त्या बाईच्या डोळ्यांत पाणी आलं. पुतण्या मोबाइलमध्ये बघत राहिला. नवऱ्याने दाजींचा हात हातात घेतला, फार वाईट झालं म्हणाला, आणि ते अगदी मनापासून म्हणाला. मग दारात चपला घालताना त्याने पुतण्याला हळूच विचारलं,

‘‘आमच्या घरात तसं आजारी कोणी नाही. बॅटरी वगळून कितीला पडेल?’’