सातव्या खांबावरची मिरची

छिन्नीमास्तर तसे कुणाच्या बापाला भीत नसत. चाळीस फुटांवरच्या फळीवर बसून चहा पिणारा माणूस तो! तीस वर्षं त्या जुन्या दगडी वास्तूची डागडुजी केलेली. पण त्या सोमवारी झाडपाल्याच्या बाई आल्या आणि मास्तरांच्या तोंडचं पाणी पळालं.

बाई वनस्पतींच्या जाणकार. आठशे वर्षांपूर्वीच्या कारागिरांनी खांबांवर कुठली झाडं कोरली आणि का, याची त्या नोंद करत होत्या. "द्राक्षवेल म्हणजे आयुष्य, डाळिंब म्हणजे लेकरंबाळं, खसखशीचं बोंड म्हणजे मरणाची झोप," त्या सांगत. "उगाच काही कोरलेलं नाही हो इथे." रोज दोन-तीन खांब उरकत होते.

मास्तरांचं गुपित सातव्या खांबावर होतं. अकरा वर्षांपूर्वी तिथली काजळी काढताना हातोडी निसटली आणि वीतभर कोरीव डहाळी खाली पडून तिचा चुरा झाला. कुणी पाहिलं नाही, फोटोही नव्हता. वडिलांची शिकवण एकच, पान आठवणीतून कोरायचं नाही, जिवंत झाड समोर ठेवायचं. मास्तरांनी घरच्या खिडकीतली कुंडी उचलून आणली आणि अशी डहाळी कोरून बसवली की जोड त्यांचा त्यांनाच सापडेना. कुंडी मिरचीची होती.

मंगळवारी जेवताना शाळेत शिकवणारी सून सहज बोलून गेली, "मिरची कुठली आपली, बाबा? चार-पाचशे वर्षांपूर्वी जहाजातून आली ती."

मास्तरांचा घास घशातच अडकला.

"पाणी घ्या!" बायको म्हणाली. "नुसतं मिरचीचं नाव काढलं तरी ठसका लागतो यांना."

सगळे हसले. मास्तरांना मात्र दरदरून घाम फुटला. नोकरी गेली तर गेली. पण मास्तरांनी खांब फोडला आणि लपवला, असं चारचौघांत म्हटलं जाणार! त्या रात्री त्यांचा डोळ्याला डोळा लागला नाही.

बुधवारी बाई सातव्या खांबाशी थबकल्या. भिंग लावलं.

"अहो मास्तर, ही मिरची आहे!" बाईंचा आवाज कापत होता. "म्हणजे जहाजांच्या आधीच ती इथे होती! जन्म गेला माझा, असं काही हाती लागलं नव्हतं. उद्याच जाहीर करते." आणि त्या चक्क रडायला लागल्या.

सुटले की मास्तर! आता नुसतं गप्प बसायचं होतं. पण उद्या जग या बाईला हसेल, हे काही त्यांना सोसवेना.

"बाई, ती मी कोरलीय," ते म्हणाले आणि सगळं सांगून टाकलं.

बाई ओरडल्या नाहीत. डोळे पुसले, वही काढली. "अजून काय काय तुमचं आहे इथे?"

"काही नाही हो, शपथ घेतो. ही एकच."

"जोड तर मला हिचाही दिसला नाही, मास्तर."

मग त्यांनी वहीचं पहिलं पान उघडलं आणि एकेका खांबापुढे प्रश्नचिन्ह काढायला सुरुवात केली.