क्रेन कोणाचं ऐकते

ते प्रकरण अजून माझ्या मनातून गेलेलं नाही. भिलाईचा कारखाना उभा राहत होता आणि मी चौकीत नवाच फौजदार होतो. दुसऱ्या दिवशी पाहुण्यांसमोर एक अवजड गर्डर चढवायचा होता. मंडप तयार, हार तयार, भाषणही तयार. आणि आदल्या दिवशी सकाळी क्रेनचा हँडल गायब. त्याच्याशिवाय क्रेन म्हणजे नुसता उंच खांब.

बांधकामाचे बडे साहेब जीप थांबण्याआधीच ओरडले, "घातपात आहे! अटक करा!" कोणाला, ते त्यांनी माझ्यावर सोडलं.

खुर्सीपारच्या मजूरवस्तीतल्या चहावाल्याने खबर दिली. क्रेनला ओझी बांधणाऱ्या खलाशांचा जमादार पहाटे गमछ्यात काहीतरी गुंडाळून घरी गेला होता. झडतीत तांदळाच्या डब्यातून हँडल निघाला. जमादार भंडाऱ्याकडचा, पन्नाशीचा. बेड्या घालून त्याला चौकीत आणलं. मी टेबलावर मूठ आपटली. दुखला माझाच हात.

"चोरी का केली?"

"चोरी नाई, साहेब. क्रेनचा तारदोर तुटून राहिला. तीनदा सांगतलं. बडे साहेब म्हनतेत, उद्याचं काम होऊ दे. खाली माह्ये आठ मानसं उभे राहतेत. मंग मी का करू?"

आमचे म्हातारे हवालदार हळूच म्हणाले, "साहेब, कलम कुठं पळून नाई जात. पहिले दोर पाहू."

जमादाराला घेऊनच क्रेनपाशी गेलो. हवालदारांनी दोरावरून चिंधी फिरवली. हातभर अंतरात ती चार ठिकाणी अडकली. तुटलेल्या तारा काट्यांसारख्या वर आल्या होत्या. बड्या साहेबांनी तिकडे पाहिलंही नाही. हँडल बसवून घेतला आणि खलाशांना गर्डरखाली उभं करून ओरडले, "रंगीत तालीम आत्ताच! उठाओ!"

क्रेन हलेना. चालक खाली बघत होता, पण साहेबांकडे नव्हे. जमादाराने बेड्यांतले हात वर केले होते. मूठ बंद, म्हणजे थांब.

"मेरा हुक्म है!"

वरून शांत उत्तर आलं, "जमादार का हाथ बंद है, साब."

खलाशांत खसखस पिकली. मलाही धीर आला. वही उघडून मी नम्रपणे विचारलं, "साहेब, याच दोराने उचलायचा हुकूम लेखी मिळेल का?"

साहेबांचा आवाज एकदम उतरला. संध्याकाळपर्यंत नवा दोर चढला. रोजनामच्यात मी लिहिलं: हँडल मिळाला, तक्रार मागे घेतली. बेड्या काढताना जमादार म्हणाला, "उद्या पाहाले या, साहेब." गेलो. जमादाराचं बोट वर गेलं, गर्डर अलगद चढला आणि हार बड्या साहेबांच्या गळ्यात पडला.

पुढे मी ठाण्यांचा प्रमुख झालो. प्रत्येक नव्या ठाण्यात पहिला आठवडा एवढंच पाहायचो, की मी बोललो की शिपाई कोणाकडे बघतात. बहुधा कोणीतरी जुना हवालदार निघे. मग त्याला विचारूनच मी हुकूम काढी. माझे हुकूम चोख पाळले जातात, असा माझा खात्यात मोठा लौकिक झाला.