साभार : गुगल

चार माणसं एका खोलीत कामाला बसली की किस्से आपोआप साठतात. टेबलाखाली वायरी साठतात तसे. आमचं ऑफिस क्रांती चौकात, झेरॉक्सच्या दुकानावर. शेतीच्या बातम्यांची वेबसाइट. संपादक काळे सर पूर्वी मासिक चालवायचे. नको असलेल्या कथा ते 'साभार परत' असं लिहून माघारी धाडत. त्यामुळे 'साभार' या शब्दावर त्यांचा भारी विश्वास.

फोटो आम्ही नेटवरून उचलायचो. खाली सर लिहायला लावायचे, 'साभार : गुगल'.

"सर, फोटो गुगलनं नाही काढला. ज्यानं काढला त्याला विचारावं लागतं."

"तो कोण?"

"माहीत नाही."

"मंग? जो सापडला त्याचे आभार मानले ना!"

खरा मालक एक दिवस फोन करणार आणि साइट बंद पडणार, ही धास्ती फक्त मला होती.

*

एकदा कापसाच्या फोटोवर फोटोग्राफरचं नाव फिकट अक्षरांत होतं. आमच्या डिझायनरनं, सलीमनं, ते सफाईनं उडवलं. मी ओरडलो, "अरे, तो वॉटरमार्क होता!"

"तो क्या हुआ? पानी का दाग था, पोंछ दिया!"

*

मग कळलं, नाव दिलं की फुकट वापरता येणारेही फोटो असतात. गंगापूरच्या एका पुढाऱ्याचा फोटो तसा मिळाला. फोटोग्राफरनं नेटवर घेतलेलं नाव आम्ही नियमाप्रमाणे खाली छापलं, 'पागल बादशाह'.

लगेच कार्यकर्त्याचा फोन! "सायबाला पागल म्हणता व्हय?"

सर शांतपणे म्हणाले, "पागल वेगळा आहे. साहेब फक्त फोटोत आहेत."

*

शेवटी सरांनी परवानगी मागायचं मनावर घेतलं. एका फोटोग्राफरला मेसेज धाडला, 'आपल्या छायाचित्रास आमच्या संकेतस्थळी स्थान देण्याची अनुज्ञा द्यावी, ही नम्र विनंती.'

उत्तर आलं, "लग्न कुणाचं आहे?"

*

आणि मग तो फोन आलाच. करमाडची एक बाई होती.

"मेंढरं राखणारा म्हातारा, खांद्यावर कोकरू. त्यो फोटो म्या काढलाय. नेटवर टाकला व्हता."

सरांचा चेहरा उतरला. "चुकलं ताई. आत्ता काढून टाकतो!"

"नगा काढू! माझे अण्णा हायेत ते. औंदा गेले. माझा मोबाईल चोरीला गेला, त्यांचा दुसरा फोटोच नाय. मला तेवढा पाठवा."

"पाठवतो. साइटवर राहू द्यायचा का?"

"ऱ्हाऊ द्या. पण खाली त्या गुगलचं नाव हाय, ते खोडा. अण्णा त्याला वळखत नव्हते."

सलीमनं खाली तिचं नाव टाकलं. सरांनी फोटो स्वतः तिच्या नव्या नंबरवर पाठवला. सोबत दोनच शब्द लिहिले.

'साभार परत.'