पहिला ठोका

कराडला माझ्या झेरॉक्सच्या दुकानाला लागून एका माजी फौजीचं वाद्यदुरुस्तीचं दुकान आहे. सिग्नलला, म्हणजे वायरलेसवर होता, म्हणून अजून बोलणं संपलं की "ओव्हर" म्हणतो. चहा मागवतानासुद्धा.

मिरवणुकीत बँजो पार्टीच्या इलेक्ट्रॉनिक पॅडची वायर कुणाच्या तरी पायाखाली येऊन तुटायचीच. वैतागून त्यानं बिनवायरचं पॅड बनवलं. त्यात सेलही नाही. काठी पडली की त्या ठोक्यातूनच वीज तयार होते आणि लांबचा स्पीकर वाजतो.

आमच्याकडं नव्या वाद्यावर पहिला ठोका पार्टीतल्या सगळ्यात थोरल्या माणसाचा. तो मान हलगीवाल्या आबांचा. पण अर्धांगवायूनं त्यांच्या हाताचा जोर गेलेला. त्यांनी ठोका दिला, स्पीकर गप्प. तेवढ्या जोरावर वीजच होईना.

"दुसऱ्या कुनाला तरी मारू दे रं," आबा पुटपुटले.

"न्हाई आबा, चूक माझी हाय. माझ्या हाताच्या जोरावर तपासलं मी. ओव्हर." पॅड काखोटीला मारून तो चालता झाला.

पुढं बरेच दिवस हा पैलवानी अंगाचा गडी डाव्या हाताच्या करंगळीनं पॅड वाजवत बसलेला दिसायचा.

पाडव्याला आबांनी पॅडवर नुसतं बोट टेकवलं. पार मारुतीच्या देवळापाशी ठेवलेला स्पीकर घुमला. आबा थांबलेच नाहीत, परत परत वाजवत राहिले. हा मात्र पाठ फिरवून पिशवी आवरत होता.

"कोन हो ह्यो?" सांगलीच्या एका पाहुण्यानं विचारलं.

"माझा शेजारी," मी म्हणालो. "ओव्हर."