एका लिटरात निर्मल

पेट्रोल उघडं ठेवलं की उडून जातं, पेट्रोलचे किस्से मात्र साचत जातात. माझ्याकडे इतके साचलेत की कुणी नुसतं 'मायलेज' म्हटलं तरी मी सुरू होतो आणि घरचे एकेक करून उठून जातात. म्हणून आज तुम्हाला धरलंय.

परवा टीव्हीवर मोटारींची शर्यत लागली होती. कॉमेंटेटर कौतुकानं सांगत होता, की आता शर्यतीला ठरावीक किलोच पेट्रोल मिळतं, मधे भरता येत नाही, आणि ते इंजिनात किती वेगानं जातं तेही मोजलं जातं. मग ड्रायव्हरच्या कानात त्याचा इंजिनिअर सांगतो, वळणाच्या आधीच पाय उचल. एवढी महागडी गाडी, आणि पाय उचल! मला हसू आलं. मग एकदम दिगंबरची आठवण आली, आणि ती अशी आली की टीव्ही बंद करून बाल्कनीत जाऊन उभा राहिलो.

आमची शर्यत आदिलाबादची. काळ टू-स्ट्रोक गाड्यांचा. संक्रांत झाली की एका रविवारी प्रत्येकाच्या रिकाम्या टाकीत एक लिटर पेट्रोल मोजून घालायचं आणि ऐंशीएक किलोमीटरवरच्या निर्मल गावच्या रस्त्याला लागायचं. जो सगळ्यात लांब जाऊन बंद पडेल तो जिंकला. कुणी गुडीहत्नूरला गळायचा, कुणी इच्चोड्याला. निर्मल कुणीच पाहिलं नव्हतं. मागून कापसाच्या जिनिंग मिलचा ट्रक गळालेल्यांना गोळा करत यायचा. त्या ट्रकवर मी पंच, कारण मराठी शाळेचा मास्तर खोटं बोलत नाही असा गावाचा गैरसमज होता.

नियम करायला तहसिलीतले महसूल तपासणारे गिरदावर मल्लेशम. माणूस तेलुगू, बोलणं दखनी हिंदी, आणि पंचनाम्याची हौस दांडगी. आम्ही एखादी पळवाट शोधायची आणि पुढच्या वर्षी त्यांनी ती बुजवायची, असं आमचं चालायचं.

आणि दिगंबर टेलिफोन ऑफिसातला, काडीसारखा, जुन्या मोपेडवाला. त्याला जिंकण्याचं काही नव्हतं. त्याला एकच गोष्ट हवी होती, एका लिटरात निर्मल. लोक काशीला जायचं म्हणतात तसा तो निर्मल म्हणायचा. एरवी बसनं तो दर महिन्याला निर्मलला जायचा, ती गोष्ट वेगळी.

* * *

पहिल्या वर्षी त्यानं चढ आला की मोपेडचे पायडल मारले. पेट्रोल वाचलं, तो जिंकला, आणि तीन दिवस बाजेवरून उठला नाही. पुढच्या वर्षी मल्लेशमनी पायडल सुतळीनं बांधले. दिगंबरच्या आईनं सुतळीला हळदकुंकू लावलं.

* * *

मग वजनाचा घोळ झाला. गुलाबराव म्हणजे राज्याच्या सरहद्दीकडच्या गावचा कापसाचा शेतकरी, देह भरभक्कम, गाडीही तशीच. त्यानं तक्रार केली, की या काडीपैलवानासोबत माझी काय बरोबरी? मल्लेशमनी जिनिंगच्या काट्यावर सगळ्यांना उभं केलं आणि हुकूम काढला, की हलक्या माणसानं वजन भरून काढायचं. एकानं दगड घेतला आणि मावला गावाच्या पुढं गुपचूप टाकून दिला. म्हणून आणखी एक नियम आला, परत आल्यावरही काट्यावर चढायचं.

दिगंबरनं पाठीला ज्वारीचं पोतडं बांधलं. आईनं पाहिलं आणि म्हणाली, "जाऊनच राह्यला तं दळून आण ना बापा. इच्चोड्याची गिरणी बारीक दळते."

त्या वर्षी त्याची गाडी नेमकी इच्चोड्याच्या थोडी पुढं बंद पडली. ट्रक यायला वेळ होता. आज्ञाधारक मुलगा! मागं चालत गेला आणि दळून आणलं. आदिलाबादला काट्यावर चढला तर वजन कमी. पंचनामा झाला, दिगंबर बाद.

संध्याकाळी त्याची आई मल्लेशमच्या दारात. म्हणाली, "गिरणीत घट होतेच साहेब. तुमच्या रूलमंदी घट धरत नाही काऊन?"

मल्लेशमनी सारा, लागवड, आणेवारी सगळं हिशेबात धरलं होतं, गिरणीतली घट तेवढी राहिली होती. पुढच्या वर्षीच्या नियमात एक कलम वाढलं, वाटेत दळण मना.

* * *

एकदा संशय आला की कुणीतरी वाटेत बाटलीतून पेट्रोल ओततंय. मल्लेशम म्हणाले, फिकीर मत करो. ऑफिसातली लाख आणली आणि प्रत्येक टाकीच्या झाकणावर ओतून चांगलं जाड सील मारलं. काय रुबाब त्या सीलांचा! गाड्या सुटल्या.

आम्ही ट्रकमधून निघालो, तर मावल्याच्या जवळ सगळ्यांच्या गाड्या रस्त्याच्या कडेला ओळीनं बंद. गुलाबरावची बंद, दिगंबरची बंद, एकूणएक बंद. कुणी म्हणालं पंपवाल्यानं पाणी घातलं, कुणी म्हणालं करणी आहे. मल्लेशम पंचनाम्याचा कागद काढून बसले. शेवटी गुलाबरावनं चिडून सील फोडलं, झाकण फिरवलं, आणि टाकीनं फुस्स करून हवा आत ओढली. झाकणाला बारीक भोक असतं, तिथून हवा गेली तरच पेट्रोल खाली उतरतं. ते भोकच लाखेनं बुजलं होतं.

मल्लेशमनी झाकणाचं भोक नखानं कोरून मोकळं केलं. मग म्हणाले, "टंकी भी सांस लेती है, ये हमकू कोई बताया नहीं." पुढच्या वर्षीपासून सील लागलं ते भोक सोडून.

* * *

गुलाबरावही काही कमी नव्हता. एका वर्षी त्यानं स्वतः आणलेल्या पेट्रोलच्या कॅनला बाहेरून घाम सुटलेला. थंडीचे दिवस, कुणाच्या लक्षात आलं नाही. दिगंबरनं बोट लावलं आणि हसायलाच लागला. पठ्ठ्यानं कॅन रात्रभर बर्फाच्या कारखान्यात ठेवला होता. थंड पेट्रोल आकसतं, म्हणजे त्याच लिटरच्या मापात जास्त बसतं. तेव्हापासून आम्ही पेट्रोल लिटरनं न मोजता तराजूत तोलायला लागलो.

पुढं हैदराबादहून आणलेल्या एका मासिकात दिगंबरनं वाचलं, की परदेशातल्या मोठ्या शर्यतींतही पेट्रोलवर मर्यादा आली आहे, आणि तिथलेही लोक पेट्रोल थंडगार करून टाकीत जास्त कोंबतायत. तो ते मासिक घेऊन गावभर फिरला. माझ्या वर्गात भर तासाला आला आणि म्हणाला, "मास्तर, आपून काही मागं नाही. तेबी आपल्यासोबतच चालून राह्यले." इतका आनंद मी त्याच्या लग्नातही पाहिला नव्हता.

* * *

मग कमी पेट्रोल पिणाऱ्या फोर-स्ट्रोक गाड्या आल्या. गुलाबरावनं नवी घेतली आणि त्या वर्षी एका लिटरात आरामात निर्मल गाठलं. वाटेत थांबला, चहा घेतला, पुन्हा निघाला. आम्ही पोचलो तेव्हा चौकात मिरची भजी खात उभा होता. त्याचं त्यालाच कसंतरी वाटत होतं. म्हणाला, "काही लागलंच नाही रे."

मल्लेशम म्हणाले, नव्या गाड्या बंद करू. दिगंबर नको म्हणाला. गाडी चांगली आहे, तिचा काय गुन्हा? पण त्यानं स्वतः मोपेड बदलली नाही. सगळ्यांनी बदलल्या, आणि शर्यतीतली गंमत हळूहळू गेली. निर्मल आता कुणालाही मिळत होतं. मला आजही त्या भज्यांचा राग येतो.

* * *

शेवटच्या वर्षी गाड्या थोड्याच होत्या. दिगंबरची बदली समुद्राकडे झाली होती, पार श्रीकाकुळम. सामान बांधून झालं होतं. मोपेड तिथं नेणार नव्हता. म्हणजे हे शेवटचं, त्यालाही माहीत आणि आम्हालाही. त्यानं कार्बोरेटर स्वतः खोलून साफ केलं होतं, चाकांत हवा कडक भरली होती, आणि भर थंडीत स्वेटरही घातला नव्हता, तो वारा अडवतो म्हणून.

ट्रकमध्ये मी आणि मल्लेशम. इच्चोडा आलं, दिगंबर नाही. नेरडीगोंडा आलं, तरी नाही. मल्लेशमनी माझा हात धरला तो सोडेचनात. जुन्या मोपेडवर इथपर्यंत कुणी आलं नव्हतं. पुढं घाट. घाटाच्या माथ्यापर्यंत आला की झालं, खाली सगळा उतार आणि उताराच्या पायथ्याला निर्मल. उतारावर इंजिन बंद करायची मनाई होती, पण चालू इंजिनानंही उताराला पेट्रोल असं किती लागणार?

माथ्यावर मोपेड स्टँडला लावलेली होती. दिगंबर कठड्यावर बसला होता. खाली झाडांतून निर्मलची घरं दिसत होती.

"संपलं," तो म्हणाला.

मला रडूच आलं. मल्लेशम म्हणाले, इथं कोण पाहायला बसलंय, असाच उतरून जा खाली. दिगंबरनं मान हलवली. आम्ही मोपेड ट्रकमध्ये चढवली. परतीच्या वाटेवर तो अगदी खुशीत होता, गुलाबरावच्या भज्यांची नक्कल करून दाखवत होता.

आदिलाबादला मल्लेशमनी नेहमीप्रमाणे सील फोडलं आणि टाकी मापावर उपडी केली. चांगलं कपभर पेट्रोल निघालं. मल्लेशमनी वाकून पाहिलं. टाकीतून इंजिनाकडे पेट्रोल सोडणारा कॉक हातानं बंद केलेला होता.

दिगंबरनं ते माप त्यांच्या हातातून घेतलं.

"राहू द्या ना सार," तो म्हणाला, "तेवढं निर्मल राहू द्या."