याकूब मास्तरांची ‘रुमालाखाली’

शिरूरच्या बैलबाजारात पाठीवर गिटार लावून आलेला एकच माणूस मी पाहिला, तो म्हणजे याकूब मास्तर. त्या काळ्या पेटीला एक खोंड बुजला, दाव्याला हिसके द्यायला लागला आणि मी ओरडलो, “ओ पाव्हणं, बैल घ्यायचाय का वरात काढायचीय?”

मास्तर मागं सरकून म्हणाले, “न्हाई हो, नुसतं ऐकायला आलोय.”

“का, बैल काय गातोय व्हय?”

“बैल न्हाई. तुम्ही.”

माणूस येडा आहे, असं मी धरून चाललो. पण तो पुन्हा आला, मग येतच राहिला.

मास्तर दौंडचे. घराणं तिथं पिढ्यान्‌पिढ्या, वडील रेल्वेत फिटर. हे एका शाळेत संगीत शिकवत. गिटार शिकले रेल्वे कॉलनीतल्या एका म्हाताऱ्या इंजिन ड्रायव्हरकडून, पण सिनेमाची गाणी कधी वाजवली नाहीत. स्वतः रचायचे, नुसत्या गिटारसाठी, शब्दांशिवाय. दौंडच्या यार्डात डबे एकमेकांना धडकत जातात, त्यावर त्यांची एक रचना होती. शिक्रापूरच्या चौकात ट्रक गिअर बदलतात, त्यावर दुसरी. कागदावर काही उतरवत नसत. “लिहिलं की वाळतंय. बोटांत ऱ्हाऊ द्या,” म्हणायचे. नवी रचना झाली की शिरूरला येऊन सांगायचे, “रामभाऊ, पिल्लू झालंय. डोळं उघडायचंत अजून.”

मला त्यातलं काही कळत नव्हतं, तरी मी त्यांचे कार्यक्रम ठरवून द्यायचो. हॉलवाल्याशी घासाघीस मी करायची, मांडववाल्याला दम मी भरायचा. केंदूरला जत्रेत त्यांना बसवलं, तेव्हा मास्तर चांगला अर्धा तास वाजवत होते. पुढ्यातला एक म्हातारा शेजाऱ्याला मोठ्यानं म्हणाला, “मगाधरनं नुसतं जुळवतंयच. सुरू कवा करायचं?” सगळी जत्रा हसली. लाजेनं मी मांडवाच्या मागं गेलो. मास्तरांनी मात्र ती गोष्ट पुढं प्रत्येक कार्यक्रमात स्वतःच सांगितली, तीही त्या म्हाताऱ्याच्या आवाजात. लाज ही वस्तू त्यांच्याकडं नव्हतीच. त्यांच्या वाटणीचीही मीच बाळगायचो.

बाजारात त्यांना वेड लागलं ते आमच्या सौद्याचं. आम्ही हेडी, म्हणजे जनावरांच्या व्यवहारातले दलाल. भाव तोंडानं बोलत नाही. रुमालाखाली समोरच्याचा हात धरायचा आणि बोटं दाबून आकडा सांगायचा. तोंडानं मात्र पाऊसपाणी, पोरंबाळं चालू. मास्तर म्हणाले, “वर एक चाललंय, खाली दुसरंच. आन् दोन्ही एकाच येळंला! रामभाऊ, हेच तर मला गिटारवर पायजे.” मी त्यांचा हात रुमालाखाली घेऊन सगळी बोटं शिकवली. हेड्यानं परक्याला असं शिकवू नये. मी शिकवलं.

पुढं माझे दिवस पालटले. शिक्रापूरला ट्रॅक्टरच्या सुट्या भागांचं दुकान काढलं, बैलबाजार सोडला आणि हेडी हा शब्द घरात बंद केला. थोरल्या मुलीची सोयरीक पुण्याच्या एका शिकल्या-सवरल्या घरात जुळत होती. होणाऱ्या व्याह्यांवर छाप पडावी म्हणून त्यांना दौंडला मास्तरांच्या कार्यक्रमाला नेलं. पहिल्या रांगेत बसलो. मी कडक इस्त्रीत.

मास्तरांनी दोन रचना वाजवल्या आणि मग म्हणाले, “आता नवीन. नाव ‘रुमालाखाली’. ही मला शिरूरच्या बैलबाजारात रामभाऊ हेड्यांनी शिकवली. ते पुढंच बसल्यात. रामभाऊ, उभं ऱ्हावा की!”

सगळा हॉल माझ्याकडं वळला. मास्तरांनी खांद्यावरचा टॉवेल गिटारीच्या दांड्यावर टाकला, डावा हात त्याच्याखाली घातला आणि वाजवायला लागले. मागून कुणीतरी ओरडलं, “कितीला सुटला रं बैल?” हशा उसळला. व्याही माझ्याकडं वाकून म्हणाले, “म्हणजे तुम्ही गुरांचे दलाल होता?” मी मान खाली घातली ती टाळ्या वाजेपर्यंत वर काढली नाही.

कार्यक्रमानंतर मास्तर हसत आले. मी त्यांना बोलू दिलं नाही. “मला इचारलं का? माझी अब्रू काय खेळायला दिली व्हती? मी जित्ता हाय तवर हे पुन्हा वाजवायचं न्हाई.”

त्यांनी टॉवेलाची घडी घालून तो खांद्यावर टाकला. मग म्हणाले, “बरं.”

बस्स, एवढंच. मी आयुष्यभर सौदे केले. समोरचा अडून बसणार, मी थोडा ढिला होणार, असा हिशोब डोक्यात धरूनच बोललो होतो. या माणसानं घासाघीसच केली नाही.

सोयरीक मोडली नाही. उलट लग्नात व्याह्यांनीच विचारलं, “ते तुमचे गिटारवाले कुठं आहेत? ते टॉवेलवालं पुन्हा ऐकायचं होतं.” मी सांगितलं, ते बाहेरगावी आहेत. मी त्यांना पत्रिकाच दिली नव्हती.

मास्तरांना पुढं पुण्याहून बोलावणी यायला लागली. नव्या रचना होत राहिल्या. लोक ‘रुमालाखाली’ मागायचे, तेव्हा म्हणायचे, “ती आता माझ्याजवळ न्हाई.” हे मला तिऱ्हाईतांकडून कळायचं आणि माझा संताप व्हायचा. एकदा येऊन मागायला काय झालं होतं? मी दिली असती. आधी विचारायला हवं होतं, हे माझं म्हणणं आजही तेच आहे. पण ते माझ्याकडं आले नाहीत आणि दौंडच्या गाडीत बसायला मलाही कधी जमलं नाही.

ते गेल्याचं मला दफनानंतर कळलं. पुढं काही महिन्यांनी त्यांच्या बायको, शमीमवहिनी, माझ्या घरी आल्या.

“भाऊ, त्यांच्या समद्या रचना गोळा करतोय. पोरांनी शिकलेल्या हायेत, काही टेपवर हायेत. एवढी एकच न्हाई.”

“घरी वाजवत असतील की.”

“कधीच न्हाई. मी म्हणायची, दार लावून वाजवा, कोण ऐकतंय? तर म्हणायचे, सबद दिलाय.” मग म्हणाल्या, “तुम्ही पुढंच बसला व्हता. सुरुवात कशी व्हती तेवढं तरी सांगा. गुणगुणलं तरी चालंल.”

मी डोळे मिटले. व्याह्यांचा वाकलेला चेहरा आठवला. मागून आलेली आरोळी जशीच्या तशी आठवली, हसू कुठल्या बाजूनं सुरू झालं तेही. टॉवेलाखाली मास्तरांची बोटं हलताना दिसली. आवाज काही येईना.

“घाई न्हाई भाऊ,” वहिनी म्हणाल्या, “आठवंल तसं सांगा.”